आजीचे दोन लोखंडी दात

माझ्या तोंडात दोन लोखंडी दात होते. एक वर डावीकडे, एक खाली उजवीकडे. आता वरचा तेवढा उरलाय, आणि त्याच्यावर मला पहारा ठेवावा लागतो. कुणापासून, तेच सांगायला बसलेय.

सप्टेंबर संपत आला होता. अंगणात मिरच्या भाजायचं काम चाललं होतं. थंडी पडायच्या आत आमच्याकडे घरोघरी हेच चालतं, जाड लाल मिरच्या भाजायच्या, सोलायच्या, टोमॅटोबरोबर आटवून बरण्या भरायच्या. मी सोलत होते. माझी नात रालित्सा पायरीवर बसून पावाला तीच चटणी लावून खात होती, आणि तिचा धाकटा भाऊ कामेन माझ्या पायाशी मिरच्यांच्या देठांची रांग लावत होता. ती सात वर्षांची, तो पाच. त्यांची आई वेन्का, म्हणजे माझी मुलगी, दोन वर्षं इटलीत आहे, बारी शहरात एका म्हातारीला सांभाळते. पोरांचा बाप कुठे असतो ते मला विचारू नका. मला सगळ्या गावाचं सगळं माहीत असतं, एवढंच माहीत नाही.

रालित्साने चावणं थांबवलं. "आजी, दात खूप हलतोय."

"बघू."

पुढचा खालचा दात नुसता लोंबत होता. मी एप्रनचा दोरा तोडला, दाताला फास घातला आणि म्हटलं, "हलू नकोस. थोडंसंच दुखेल." तिने डोळे मिटायच्या आत दात माझ्या हातात होता.

तिने रक्त थुंकलं, दात पाण्याने धुतला आणि अगदी कामाची गोष्ट काढल्यासारखी म्हणाली, "आता रात्री परी येणार. आईने फोनवर सांगितलंय. दात उशीखाली ठेवायचा, परी तो नेते आणि तिथे काहीतरी ठेवते."

"ती कशी येते?" कामेनने विचारलं.

"उडत."

"आणि खिडकी बंद असली तर?"

रालित्सा माझ्याकडे बघायला लागली. कामेनचं अजून संपलं नव्हतं.

"आणि चुकून माझ्या उशीखाली हात घातला तर? माझे पडलेले नाहीत, ती तोंडातले काढेल का?"

आता खरं सांगायचं तर मला या परीचा रागच आला होता. वेन्काने तिकडून सांगितलेली, दूरची, गुलाबी बाई. "परी आपल्या गावात येत नाही," मी म्हटलं. "एकदा आली होती. डोंगर ओलांडेपर्यंत पंख गळाले, पुढे साडेबाराच्या बसने आली. शेजारच्या पेन्काच्या कोंबड्यांनी तिला असं टोचलं की तिने पुन्हा नाव काढलं नाही."

"मग दात कोण नेतं?"

"कावळा."

आता इथपर्यंत मी खोटं काही बोलले नाही, परी सोडून. आमच्याकडे दात छपरावर फेकतात आणि कावळ्याला सांगतात की हा हाडाचा घे, मला लोखंडाचा आणून दे. मला माझ्या आजीने सांगितलं, मी वेन्काला सांगितलं. गावात कुणालाही विचारा. इथेच थांबले असते तर माझा दात आज माझ्या तोंडात असता. पण मी जन्मात कधी थांबलेली नाही.

"लोखंडाचा दात असतो का कुणाला?" रालित्सा म्हणाली.

मी आ केला. पोरं जवळ आली आणि आत बघितलं. ते दोन दात माझ्या तोंडात चाळीस-एक वर्षं होते, विदिन शहरातल्या एका दाताच्या डॉक्टरने बसवलेल्या लोखंडी टोप्या. त्या काळी सगळ्यांना तेच बसवायचे. आमच्या गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला हसवून बघा, आत भांड्यांचं दुकान दिसेल.

"हे कावळ्याने आणले?"

"मग काय, वाण्याने?"

"पेन्काआजीचे पण?"

"पेन्काचे पण. गेर्गोआजोबाचे पण, देव त्याच्या आत्म्याला शांती देवो."

मी त्यांच्या डोक्यातला हिशेब बघत होते. गावातली सगळी म्हातारी तोंडं त्यांनी बघितली होती, आणि सगळ्यांत लोखंड होतं. याहून मोठा पुरावा काय असणार?

कामेनने एक देठ उचलला, पुन्हा ठेवला. "कावळ्याला लोखंडाचे दात कुठून मिळतात?"

हा पोरगा नेहमी नेमकं तेच विचारतो जे विचारू नये. मी मिरची सोलता सोलता म्हटलं, "तो काही बनवत नाही. त्याला काय भट्टी आहे? एकाकडून काढतो, दुसऱ्याला देतो."

"कुणाकडून काढतो?"

"ज्याला आता लागत नाही त्याच्याकडून."

त्याने जरा विचार केला. "म्हणजे मेलेल्याकडून."

"पाव संपव," मी म्हटलं. पाव त्याच्याकडे नव्हताच.

रालित्साने अंगणाच्या मधोमध उभं राहून दात फेकला आणि लोखंडाचा मागितला. दात कौलांवर वाजला, दोनदा उडाला, पन्हळीपाशी अडकला. आता ऐका. मी साठ वर्षं पोरांना दात फेकताना बघतेय. ते दात पन्हळीत कुजतात, पावसाने वाहून जातात, कुत्रंसुद्धा त्यांना हुंगत नाही. त्या दिवशी पेन्काच्या धुराड्यावरचा कावळा उठला. तो कावळा तिचा नवरा गेर्गो जुलैत गेला तेव्हापासून तिथे बसायचा. तो आमच्या कौलांवर उतरला, चालत पन्हळीपाशी आला, मान तिरकी करून एका डोळ्याने आधी दाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि दात घेऊन गेला.

"बघितलंत?" मी म्हटलं, जसं काही मीच त्याला बोलावलं होतं.

हातातली मिरची मात्र मी दोनदा सोलली.

*

पुढचे चार दिवस प्रश्नच प्रश्न. कावळा फक्त दातच आणतो का? नाही, मागाल ते आणतो. एका दाताला किती गोष्टी? एक. मोठी गोष्ट हवी असली तर? मोठ्या गोष्टीला दाढ, मुळासकट. मी मिरच्या ढवळत होते, तोंड मोकळं होतं, बोलत गेले.

"आणि माणूस?" रालित्साने विचारलं.

"कुठलं माणूस?"

"कुठलंही. लांबचं."

तेव्हा मला कळलं. पळीतला थेंब हातावर पडला तरी कळलं नाही, पण ते कळलं. मी म्हटलं, "ते बघू," आणि बरण्या मोजायला लागले.

रविवारी वेन्काचा फोन आला. फोन चटणीच्या बरणीला टेकवून ठेवतो, म्हणजे तिघांनाही ती दिसते. संत दिमितरच्या दिवसाला येणार असं तिने उन्हाळाभर सांगितलं होतं. पोरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात सव्वीस ऑक्टोबरला लाल पेन्सिलीने इतकं गिरवलं होतं की कागद फाटला होता.

"नाही गं जमत, आई," वेन्का म्हणाली. "सिन्योरा न्हाणीघरात पडली. आता उठवायला, बसवायला, भरवायला मीच. तिला सोडून एक दिवस येता येत नाही."

"तू काळजी करू नकोस," मी म्हटलं. "येऊ नकोस. आमचं छान चाललंय."

आई आपल्या मुलीला हेच म्हणते. रालित्सा माझ्या शेजारी बसली होती, हे मी विसरले.

मागे खुर्चीत सिन्योरा, म्हणजे तिची ती म्हातारी, दिसत होती, एक्क्याण्णव वर्षांची, चिमणीएवढी. तिने पोरांना हात केला आणि हसली. तोंडात एकही दात नव्हता.

"तिला दातच नाहीत," कामेन म्हणाला.

"म्हणून तर मी भरवते," वेन्का म्हणाली आणि हसता हसता तिने तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रालित्सा विहिरीपाशी पाठमोरी बसलेली सापडली. दोन बोटं तोंडात पार आतपर्यंत घातलेली. मी तिचा खांदा वळवला तर हनुवटीवर रक्त. चांगली घट्ट दाढ, अजून दोन-तीन वर्षं पडली नसती, ती हलवून हलवून हिरडी फाडली होती.

"काय करतेस?"

"तूच म्हणालीस दाढ लागते. मुळासकट."

आता शहाण्या बाईने तिथेच खाली बसून सांगितलं असतं की बाळा, आजी थापा मारते. मी काय केलं? मी अजून एक मारली. म्हटलं, "अगं वेडे, पोरांचे दात दुधाचे. दुधाच्या दाताला खाऊ मिळेल, बाहुली मिळेल. माणूस आणायचं तर कावळा दुधाचा दात घेत नाही. लोखंडाचा मागतो."

तिने बोटं तोंडातून काढली. मी स्वतःवर खूश झाले. पोरांच्या तोंडात लोखंड नाही, म्हणजे विषय संपला.

मग मला दिसलं की ती माझ्या तोंडाकडे बघतेय.

*

त्या आठवड्यात माझ्या घरात काहीतरी बदललं. सांगता येत नाही काय. पोरं भांडेनाशी झाली. मी जेवायला बसले की दोघं समोर बसायची, हाताची घडी घालून, आणि माझं चावणं बघायची. पावाचा मऊ भाग माझ्या ताटातून नाहीसा व्हायचा, कडक कवच उरायचं. बुधवारी कामेनने माझ्यासमोर अक्रोडांचा वाडगा ठेवला.

"फोडायची हातोडी कुठेय?"

"हरवली," तो म्हणाला. "दातांनी फोड."

अंगणात मांडवाखाली बसले की प्रश्न यायचे.

"आजी, तू किती वर्षांची?"

"एकाहत्तर."

"गेर्गोआजोबा किती वर्षांचे होते?"

"सत्तर."

"म्हणजे तू जास्त झालीस."

कामेन जमिनीवर काडीने काहीतरी काढत होता. मान वर न करता म्हणाला, "तू मेलीस की तुझे दात कुणाचे?"

"माझेच. माझ्याबरोबर जातील."

"वाया," तो म्हणाला.

मी हसले. हसताना तोंड जरा कमीच उघडलं.

गुरुवारी पेन्का भिंतीपलीकडून आली. पेन्का म्हणजे गेर्गोची विधवा, माझी पन्नास वर्षांपासूनची शेजारीण. आली ती डोक्याचा रुमाल हातात घेऊन, म्हणजे रागात.

"त्सोने, काय भरवलंस गं पोरांच्या डोक्यात?"

"मिरच्या."

"थट्टा नको. सकाळी दोघं माझ्या फाटकापाशी उभी होती. गेर्गोचा मरणाचा कागद वाचत होती, पोरगी बोट ठेवून ठेवून." आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो, नाव, तारीख छापून फाटकावर लावतात, चाळीस दिवसांनी नवा, सहा महिन्यांनी नवा. अर्ध्या गावाची फाटकं त्याच कागदांनी उभी आहेत. "मला वाटलं वाचायला शिकतायत, बरं आहे. तर पोरगी विचारते, गेर्गोआजोबांना लोखंडाचे दात किती होते? मी म्हटलं चार. तर पोरगा विचारतो, आणि किती खोल पुरलंय?"

मी हातातली बरणी पुसत राहिले.

"त्सोने, आपण चाळिसाव्या दिवशी त्याच्या मातीवर उकडलेले गहू ठेवून आलो. आणि हा पाच वर्षांचा पोरगा मला खोली विचारतो."

"पोरं आहेत गं. विसरतील."

"तुझी आहेत," पेन्का म्हणाली. "ती नाही विसरायची." जाता जाता वळली. "आणि माझ्या धुराड्यावरच्या त्या कावळ्याला कोण खायला घालतंय? दगड मारला तरी हलत नाही. तुझ्याच घराकडे तोंड करून बसतो."

ती गेल्यावर मी फावडं शोधलं. फावडं जागेवर होतं. देवाचं नाव घेतलं. मग भिंतीवरच्या माझ्या नवऱ्याच्या हत्यारांकडे सहज नजर गेली. तो गेला त्याला अकरा वर्षं झाली, पण फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती त्याने काढून ठेवली आहे, कुठलं कुठे टांगायचं त्याची. एक आकृती रिकामी होती. पक्कड.

*

शुक्रवारी जेवण झाल्यावर मी मांडवाखाली खुर्चीत डोळा लावला. रोज लावते. उन्हात द्राक्षांचा वास, माशा, लांबून कुणाचातरी पंप. तोंड उघडं टाकून झोपते मी, खोटं कशाला बोलू.

जाग आली ती चवीने. गंज आणि तेल.

डोळे उघडले तर रालित्साचा चेहरा माझ्या चेहऱ्यावर ओणवा. स्टुलावर उभी होती. दोन्ही हातांत पक्कड, आणि पकडीचं तोंड माझ्या तोंडात, खालच्या उजव्या दातावर आवळलेलं. कामेनने मागून माझ्या डोक्याच्या रुमालाची दोन्ही टोकं खुर्चीला गुंडाळून धरली होती.

"हलू नकोस, आजी," ती अगदी प्रेमाने म्हणाली. "थोडंसंच दुखेल."

माझेच शब्द, माझ्याच आवाजात.

मी काय केलं मला नीट आठवत नाही. स्टूल पडलं, पक्कड विहिरीपाशी जाऊन पडली, कामेन रडायला लागला. दात हलला होता. जिभेने ढकलला तर टोपी आत-बाहेर व्हायची.

मग मी त्यांना पायरीवर बसवलं आणि जे आधीच करायला हवं होतं ते केलं. खरं सांगितलं. म्हटलं, कावळा काही आणत नाही. परीही नसते. हे दात विदिनच्या डॉक्टरने बसवले, त्याच्या हाताला सिगरेटचा वास यायचा, मला अजून आठवतो. तुमची आई येईल तेव्हा येईल, तिला रजा मिळाली की. आजी थापा मारते. सगळं गाव सांगेल, आजी थापा मारते.

रालित्साने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही.

"आता मारतेयस," ती म्हणाली.

"काय?"

"थाप. दात द्यायला नको म्हणून. कावळ्याने माझा दात नेला, मी बघितला, तूपण बघितलास." मग खाली मान घालून म्हणाली, "तुला आई यायला नकोय. तू फोनवर तिला म्हणालीस, येऊ नकोस."

एकाहत्तर वर्षांत मी किती खोटं बोलले असेन त्याला गणती नाही, आणि सगळ्यांनी ते आवडीने ऐकलं. एकदा खरं बोलले तर असं.

शनिवारी दोघं जेवली नाहीत. मी बानित्सा केली, पातळ पापुद्र्यांची, चीज भरून, वरून दही. तुकडे ताटात तसेच. रविवारी वेन्काचा फोन आला तेव्हा रालित्सा समोर बसली, पण तोंड उघडेना. "बोल ना गं, चिमणे," वेन्का म्हणत राहिली. सोमवारी सकाळी मी अंथरूण काढायला गेले तर तिची उशी एका बाजूने लाल. दरवाज्याच्या मुठीला दोरा बांधलेला, आणि दोऱ्याचं दुसरं टोक तिच्या हातात, त्याला हिरडीचा एक तुकडा. दाढ तशीच होती. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत हट्ट नव्हता, काम होतं. हिवाळ्याआधी आपण करतो तसं, करायलाच हवं असं काम.

ही पोरगी थांबणार नाही, मला कळलं. ती माझीच नात आहे.

दुपारी मी दोघांना अंगणात बोलावलं. स्टूल सरळ केलं, त्यावर बसले, तोंडात बोटं घातली आणि खालची टोपी दोन-तीनदा फिरवून ओढली. आली. आत काळा खुंट उरला, अजून जीभ लागते. टोपी हातावर ठेवून त्यांना दाखवली. करडी, आतून पोकळ, वाटाण्याएवढी.

"फेक," मी म्हटलं.

रालित्साने ती दोन्ही हातांत घेतली. ओठ हलले. काय मागितलं ते ऐकू आलं नाही, ऐकायची गरज नव्हती. फेकली. लोखंड कौलांवर वेगळं वाजतं, स्वच्छ, ग्लासावर चमचा वाजावा तसं. कावळा आधीच आमच्या छपरावर होता. तो केव्हा आला होता कुणी बघितलं नव्हतं. त्याने टोपी उचलली, चोचीत फिरवून बघितली आणि उडाला. या वेळी पेन्काच्या धुराड्याकडे गेला नाही. नैर्ऋत्येला गेला, इटली आहे तिकडे, शेतांवरून, सरळ, आणि आम्ही तिघं तो ठिपका होईपर्यंत बघत राहिलो. त्याच वेळी नाक्यावर साडेबाराच्या बसचा भोंगा वाजला. म्हणून वेळ पक्की लक्षात आहे.

मग पोरं आत गेली आणि काल-परवाची बानित्सा गार होती तशीच खाऊन टाकली, शेवटच्या कणापर्यंत.

*

फोन त्याच दिवशी आला, साडेचारला. सोमवारी वेन्का कधी फोन करत नाही. तिचे डोळे सुजलेले होते.

"आई, सिन्योरा गेली."

माझी जीभ त्या खुंटावर होती, तिथेच राहिली.

"कशाने?"

"कशाने नाही. खुर्चीत बसली होती, मी चमचा पुढे केला, तिने तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. खिडकीकडे बघत होती." वेन्काने नाक पुसलं. "चांगली होती गं म्हातारी. माझा हात धरूनच होती."

"केव्हा?"

"दुपारी जेवताना. इथले साडेअकरा."

तिकडचे साडेअकरा म्हणजे आमचे साडेबारा.

"मी येते, आई. शुक्रवारपर्यंत पोचते. पोरांना सांग."

सांगायला नको होतं. दोघं माझ्या मागेच उभी होती. रालित्साला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. ती स्क्रीनपाशी गेली आणि आईच्या गालावर बोट ठेवलं. कामेन मात्र विचार करत होता. फोन बंद झाल्यावर म्हणाला, "म्हणजे सिन्योराला आता आई लागत नाही."

"कामेन."

"तूच सांगितलंस. एकाकडून काढतो, दुसऱ्याला देतो."

मी चुलीपाशी जाऊन उगाच लाकडं सारली. नव्वदीच्या पुढची बाई, पडलेली, आज ना उद्या जायचीच. हे मी स्वतःला त्या संध्याकाळी कितीदातरी सांगितलं. मी चांगली थापाडी आहे, पण मला ते पटवता आलं नाही.

शुक्रवारी साडेबाराच्या बसमधून वेन्का उतरली. पोरं तिला अशी चिकटली की बॅग मी आणि पेन्काने ओढत आणली. तीन आठवडे घर भरलेलं होतं. ती पोरांच्या मधे झोपायची, सकाळी तिघांचे पाय पांघरुणाबाहेर दिसायचे. संत दिमितरच्या दिवसाला आम्ही मेंढी कापली. रालित्सा दिवसभर गुणगुणायची. मी एकही गोष्ट सांगितली नाही, आणि कुणी विचारलीही नाही. मला वाटलं, झालं, मिटलं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी दुपारी जेवताना वेन्काने पावाचा तुकडा मोडला आणि ताटाकडे बघत म्हणाली, "मला पुढच्या आठवड्यात परत जावं लागेल. त्याच गल्लीत एक म्हातारा आहे, त्याच्या मुलीने बोलावलंय."

मी पोरांकडे बघायचं टाळलं.

"किती वर्षांचा आहे?" रालित्साने विचारलं. आवाज शांत, गोड.

"ब्याऐंशी. पण घोड्यासारखा आहे गं, रोज समुद्रात पोहतो म्हणे. दहा वर्षं कुठे जात नाही."

"त्याला दात आहेत?" कामेनने विचारलं.

वेन्का हसली. दोन वर्षांनी घरी आलेल्या आईला पोरांचं सगळंच गोड वाटतं. "असतील. विचारेन हं."

कामेन खुर्चीवरून उतरला. कपाटापाशी गेला, अक्रोडांचा वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि आणून माझ्यापुढे ठेवला. हातोडी नव्हती.

"घे, आजी," तो म्हणाला.

बाहेर पेन्काच्या धुराड्यावर तो परत आला होता. मी ओठ घट्ट मिटले आणि वाडगा बाजूला सारला. टेबलापलीकडून रालित्सा माझ्याकडे बघून हसली, समजूतदारपणे, काही घाई नसल्यासारखी. तिच्या खालच्या फटीत, जिथला दात मी दोऱ्याने काढला होता तिथे, नवा दात हिरडीतून वर आला होता. खिडकीचा उजेड त्याच्यावर पडला आणि तो चमकला. पांढरा नाही, करडा.

चमच्याची झळक पडली असेल. माझा चष्मा आतल्या खोलीत होता. मी तो आणायला उठले नाही.